नवी कॅम्परव्हॅन आणि पुन्हा पुन्हा येणारा इंजिनाचा बिघाड: शोधायचं कुठे?

गाडी जवळपास नवी, किलोमीटर मोजकेच, आणि तरी चढणीवर अचानक पिवळा दिवा लागतो. पिकअप जातो. पाय कितीही दाबला तरी इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक आकड्यावर अडकतात आणि मागून हॉर्न सुरू होतात. कडेला घेऊन किल्ली बंद करायची, थोडं थांबायचं, पुन्हा सेल्फ मारायचा. गाडी काही झालंच नव्हतं अशी पळते. वर्कशॉपमध्ये ‘कोड होता, उडवला, आता ओके आहे’ ऐकून परत यायचं (कोड म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदलेली बिघाडाची खूण), आणि पुढच्या प्रवासात तशीच चढण आली की पुन्हा तेच.

ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. घराएवढा पैसा आणि जीव ओतून घेतलेली गाडी अशी दगा देते तेव्हा माणूस एकतर सगळ्या इंजिनालाच नावं ठेवतो, नाहीतर दर वेळी नवा पार्ट बदलून घेत राहतो. दोन्हींतून हाती काही लागत नाही. माझं म्हणणं असं, की नव्या कॅम्परव्हॅनमध्ये तोच बिघाड परत परत येत असेल तर इंजिनाच्या पोटात शिरण्याआधी दोन कारखान्यांचं काम जिथे एकमेकांना जोडलंय तिथे बघा. डुकाटो, स्प्रिंटर, ट्रान्झिट, क्राफ्टर अशी मूळ मालवाहू व्हॅन एक कारखाना बनवतो, आणि तिच्यात पलंग, फ्रिज, हीटर, दुसरी बॅटरी बसवून तिचं घर करतो तो बहुतेक वेळा दुसराच. इंजिन, पंप, टर्बो लाखो गाड्यांमध्ये तपासून निघालेले असतात. त्यांच्या वायरीला आणि डिझेलच्या पाइपला नंतर लावलेले जोड मात्र एकेका गाडीत हाताने केलेले असतात.

रस्त्यावर असताना

लाल दिवा लागला तर तिथेच थांबायचं. ऑइल प्रेशरचा लाल दिवा असेल तर पुढच्या वळणापर्यंत नेऊ, पेट्रोल पंपापर्यंत नेऊ असा हिशेबच करू नका. ऑइलचा दाब गेलेलं इंजिन फार थोड्या वेळात बेअरिंग खातं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी तेच, आणि कूलंटचं झाकण इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.

पिवळा दिवा स्थिर असेल तर हळूहळू सुरक्षित जागा गाठता येते. पेट्रोल इंजिनात तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतंय असं समजा, म्हणजे जोर न लावता लवकरात लवकर थांबायचं. काही डिझेल गाड्यांत ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या काडीचा) वेटोळ्यासारखा दिवा चालत्या गाडीत लुकलुकतो. तीसुद्धा इंजिनाच्या नियंत्रण यंत्रणेचीच तक्रार असते. आपल्या गाडीचं मॅन्युअल यासाठी एकदा घरी निवांत वाचून ठेवा.

कॅम्परव्हॅनवाल्यांची एक सवय मला खरोखर धोक्याची वाटते. गाडी हमरस्त्याच्या कडेला बंद पडली की मंडळी आतच बसतात, कारण आत बसायची सोय असते. पलंग आहे, चहा होतो, मुलं झोपतात. मागून येणाऱ्या ट्रकला हे कळत नाही. सगळ्यांनी रस्त्यापासून लांबच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे, गाडीच्या थोडं मागे उभं राहायचं. मदतीला फोन करताना पहिल्याच वाक्यात गाडीचं वजन, लांबी आणि छतासकट उंची सांगा, नाहीतर साध्या कारसाठीची टो-व्हॅन येते आणि रिकामी परत जाते. ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना ताकद जाणारी गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. अख्खी गाडी वर चढवणारी टो-व्हॅन मागवा. गॅस सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच गाडी त्यांच्या ताब्यात द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली बंद करण्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा, अर्थात गाडी कडेला सुरक्षित उभी केल्यावर आणि लाल दिवा नसेल तरच. फोटोत दिवे, तापमान, डिझेलचा काटा, एकूण किलोमीटर आणि वेळ आली पाहिजे. पुढचं अर्धं काम या फोटोवर होतं.

‘आता ओके आहे’ असं ते का म्हणतात

फेऱ्या अडकतात त्याला लिंप मोड म्हणतात. इंजिनाच्या कंप्युटरला एखाद्या सेन्सरचा आकडा न पटणारा दिसला की तो ताकद कमी करून इंजिन वाचवतो. बऱ्याच बिघाडांत किल्ली बंद-चालू केली की तो नव्याने मोजायला लागतो, आणि तेवढ्यापुरतं सगळं जागेवर दिसतं. म्हणजे वर्कशॉपवाला खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर गाडी खरंच ठीक असते, कारण त्याच्या अंगणात तुमची चढण नसते, तुमचं सामान नसतं, थंडगार सकाळ नसते.

म्हणून पुरावा आपणच गोळा करायचा. स्टीअरिंगखाली कुठेतरी १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीचा कंप्युटर वाचायची जागा, असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा ॲडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर कोड वाचता येतो. दिवा लागला की त्याच ठिकाणी कोड वाचा आणि त्यासोबतचा ‘फ्रीझ फ्रेम’ जपून ठेवा. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती, फेऱ्या किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनावर भार किती, हे त्यात असतं. कोड स्वतः उडवू नका आणि वर्कशॉपलाही तो छापून घेतल्याशिवाय उडवू देऊ नका. उडवला की फ्रीझ फ्रेमही जातो.

कोडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव असं लोक धरून चालतात. कोड फक्त सेन्सरला काय दिसलं ते सांगतो. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो गेला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बऱ्याचदा टर्बोने कोंबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपचा क्लॅम्प सैल असतो किंवा पाइपच्या पोटाला चीर पडलेली असते. जोर लावल्यावर शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर असेल तर आधी तिथे हात फिरवा, इंजिन थंड असताना. पी००८७ म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला (जाड नळीतला) डिझेलचा दाब कमी पडला. कारण महागडा पंप असू शकतं, तसंच चोंदलेला फिल्टर किंवा पाइपात शिरलेली हवाही असू शकतं. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून) धूर पुरेसा परत फिरत नाही. पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठली. पी२०ईई म्हणजे धुरातली नायट्रोजन ऑक्साइडं कमी करणारी यंत्रणा पुरेशी चालत नाही.

एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा कोड एकाच वेळी आले, म्हणजे इंजिन, एबीएस, स्टीअरिंग, आणि वर कंप्युटर एकमेकांशी बोलत नसल्याचे यू अक्षराचे कोड, तर एवढे पार्ट एकदम बिघडत नाहीत. तिथे बॅटरी आणि अर्थिंगकडे वळायचं.

बॅटरी, अर्थिंग आणि दुसऱ्याने ओढलेल्या वायरी

कॅम्परव्हॅनमध्ये किमान दोन बॅटऱ्या असतात, एक सेल्फसाठी आणि एक दिवे, पंप, फ्रिज यांच्यासाठी. गाडी चालू असताना दुसरी चार्ज व्हावी म्हणून दोघींच्या मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा चार्जर बसवलेला असतो. तो रिले चिकटून बसला तर गाडी उभी असताना फ्रिज सेल्फची बॅटरी खातो. सकाळी सेल्फ कसाबसा फिरतो, व्होल्टेज कोसळतं आणि कंप्युटर भलतेसलते कोड नोंदवतो. मग तासभर गाडी चालवली की बॅटरी भरते आणि दोष गायब.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा, आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा जोड खराब आहेत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाच्या खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगच्या पट्टीत किंवा बोल्टमध्ये अडथळा आहे. हात, ओढणी आणि मीटरच्या वायरी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

बॅटरीचं झाकण उघडलंच आहे तर ऋण टोकाकडे नीट बघा. आजच्या गाड्यांत तिथे क्लॅम्पलाच चिकटलेला चपटा काळा सेन्सर असतो, बारीक वायर लावलेला. बॅटरीतून किती करंट गेला आणि किती आला याचा हिशेब तो ठेवतो. घराच्या भागाची ऋण वायर थेट बॅटरीच्या खांबावर कसलेली असेल तर तो करंट सेन्सरला वळसा घालून जातो, हिशेब चुकतो आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चुकीच्या वेळी चार्जिंग कमी करतो. ती वायर सेन्सरच्या पलीकडे, चॅसीच्या ठरलेल्या अर्थिंग बोल्टवर हवी. त्या बोल्टचंही तेच: वायरीच्या टोकाच्या कडीखाली (लगखाली) रंगाचा थर राहिला असेल तर नवं दिसणारं अर्थिंग निम्मंच काम करतं. बोल्ट सोडवून खालचा धातू चकाकतोय का हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण वॉरंटीतली गाडी असेल तर हे काम त्यांच्याकडून, आपल्यासमोर करून घ्या.

युरो ६ या युरोपीय धूर-नियमांच्या काळातल्या पुष्कळ गाड्यांचा अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज मध्येच खाली आणतो आणि ब्रेक लावताना वर नेतो. अशा गाडीत व्होल्टेज बघून उघडझाप करणारा जुन्या पद्धतीचा रिले सतत गोंधळतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर हवा, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज वरखाली झालं तरी दुसऱ्या बॅटरीला ठरलेलं व्होल्टेज देणारा. तुमच्या गाडीत यांपैकी काय बसवलंय हे बॉडी बांधणाऱ्याला, म्हणजे व्हॅनचं घर करणाऱ्याला, लेखी विचारा आणि वायरिंगचा आराखडा मागून घ्या. मूळ गाडीचे कारखाने बॉडी बांधणाऱ्यांसाठी करंट कुठून घ्यायचा, पाइपला कुठे हात लावायचा नाही याच्या मार्गदर्शिका काढतात. आराखडा त्याबरहुकूम आहे का, हा प्रश्न योग्य त्या टेबलावर ठेवला की बोलणी पुढे सरकतात.

रात्री हीटर, सकाळी बिघाड

आमच्या गाडीत पी००८७ यायचा. चढणीवर यायचा, पण प्रत्येक चढणीवर नाही. वर्कशॉपने फिल्टर बदलला, मग रेलचा प्रेशर सेन्सर बदलला. दोन्ही वेळा काही दिवस बरे गेले आणि विश्वास बसू लागला तोच दिवा परत.

वळण आलं ते नोंदवहीमुळे. दिवा लागला त्या प्रत्येक वेळी आम्ही टाकीत डिझेल किती, बाहेर थंडी किती, आदल्या रात्री काय काय चाललं होतं, गाडी किती वेळ उभी होती हे लिहीत गेलो. पानं समोर ठेवल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. ज्या रात्री आतला डिझेल हीटर चालला होता आणि टाकी अर्ध्याच्या खाली होती, त्याच सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागायचा आणि त्याच दिवशी चढणीवर पिकअप जायचा. हीटर न लावलेल्या दिवशी त्याच रस्त्याला गाडी तक्रार करत नव्हती. वर्कशॉपमध्ये गाडी रात्रभर उभी राहायची, पण हीटर कोण लावणार? त्यामुळे त्यांना दोष दिसायचा प्रश्नच नव्हता.

हीटरला डिझेल टाकीतूनच लागतं. रीतसर पद्धत अशी की टाकीत त्याच्यासाठी वेगळी नळी सोडायची, आणि ती तळापर्यंत न नेता थोडी वरच ठेवायची, म्हणजे हीटरने टाकी कोरडी करून तुम्हाला रानात अडकवू नये. आमच्याकडे वेगळी नळी नव्हती. इंजिनाकडे जाणारा मूळ पाइप मध्येच कापून त्यात टी-आकाराचा जोड बसवलेला होता आणि एका फांदीवर हीटरचा पंप. जोडाला रबरी तुकडा आणि स्क्रूचा क्लॅम्प.

मेकॅनिकने फिल्टरच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक पाइप लावला. रात्री हीटर चालवला आणि सकाळी सेल्फ मारताना सगळे वाकून बघत होते. सुरुवातीला पिवळसर डिझेल, मग एक लांब रिकामा टप्पा, आणि त्यामागून बारीक बुडबुड्यांची माळ. इंजिन सुरू झालं तरी माळ तुटेना. सुरू होताना एखाददुसरा बुडबुडा दिसला तर काळजी नाही, पण सतत वाहणारी माळ म्हणजे गाडी एअर घेते आहे. हीटरचा पंप टक्-टक् करत रात्रभर त्या जोडातून ओढत होता, थंडीत आवळलेलं रबर हवा आत सोडत होतं, आणि टाकी जितकी खाली तितकं डिझेल वर ओढायला ताण जास्त. सपाट रस्त्यावर तेवढी हवा इंजिन पचवतं. चढणीवर रेलला पूर्ण दाब हवा असतो तेव्हा नाही.

यात एक बारकावा आहे. टाकीतच पंप असलेल्या गाड्यांत तो पाइप इंजिन चालू असताना दाबाखाली असतो. तिथे सैल जोड हवा ओढण्याऐवजी डिझेल गाळतो. तेव्हा ओल, वास, गाडीखालचा डाग शोधायचा. आमच्यासारख्या, इंजिनावरचाच पंप डिझेल ओढतो अशा गाडीत बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो.

उपाय सरळ होता: कापलेला पाइप अखंड नवा, आणि हीटरला टाकीत स्वतंत्र नळी. हे काम बॉडी बांधणाऱ्याच्या वॉरंटीत बसतं, इंजिनाच्या नाही. एवढं कळायलाच सगळा वेळ गेला होता.

डिझेलच्या बाबतीत स्वतः करायचं नाही ते एकच, रेल आणि इंजेक्टरच्या मधले धातूचे पाइप सैल करणं. इंजिन नुसतं गुरगुरत असतानाही तिथे साधारण २५० ते ३०० बार दाब असतो आणि जोर लावल्यावर १,६०० च्या वर जातो. ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट, हात गमावण्याइतकी इजा करते. जुन्या गाड्यांची एअर काढायची पद्धत इथे चालत नाही.

महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पाण्याचाही त्रास असतो. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन डिझेलखाली बसते, आणि बायोडिझेल मिसळलेलं डिझेल पाणी आणखी धरतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतूंचा काळपट चिकटा वाढतो आणि फिल्टर चोंदतो. गाडी बराच काळ उभी करणार असाल तर टाकी भरून ठेवा, आणि फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू असेल तर सर्व्हिसला त्यातून काय निघालं ते दाखवायला सांगा. कडक थंडीच्या भागात जाताना उन्हाळी डिझेल टाकीत असेल तर त्यातलं मेण गोठूनही हाच पी००८७ कोड येतो. तिथे पोचण्याआधी टाकी रिकामी होत आणा आणि तिकडचं डिझेल भरा.

इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी भरू नका

हे मी कळकळीने सांगतोय, कारण यातून चांगली इंजिनं खराब होताना दिसतात. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ काजळी अडवतो आणि ठरावीक साठली की ती जाळून टाकतो. त्यासाठी त्याच्या आत साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, आणि ते यायला रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं धावणं लागतं. मुक्कामाच्या जागी फ्रिजसाठी तास-तास इंजिन गुरगुरत ठेवलं, किंवा एका जागेहून दुसऱ्या जागेला दोन-चार किलोमीटर हलवत राहिलं, की काजळी साठते पण जळत नाही. जाळायचं काम सुरू होऊन मध्येच किल्ली बंद झाली तर आणखी वाईट: त्यासाठी मारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून दर थोड्या दिवसांनी ऑइलची दांडी ओढून बघा, गाडी सपाटीवर आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी. आपण पातळी कमी झाली का हे बघायला शिकलोय. इथे ती वाढली का हे बघायचं. कमाल खुणेच्या वर गेली असेल आणि दांडीला डिझेलचा वास असेल तर गाडी न चालवता ऑइल बदलून घ्या. पातळ ऑइल बेअरिंगला तारत नाही, आणि पातळी फारच वर गेली तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम पळू शकतं.

डीपीएफ साफ होतोय हे ओळखता येतं. थांबल्यावर फेऱ्या नेहमीपेक्षा किंचित जास्त, स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) काम करत नाही, रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही जोरात फिरतो, तापलेल्या धातूचा वास येतो. त्या वेळी शक्य असेल तर अजून थोडं अंतर काटा. आणि मुक्कामाच्या जागी वाळक्या गवतावर गाडी लावू नका. त्या क्षणी खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, म्हणून डीपीएफसाठी सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाकायचं.

डीईएफ, म्हणजे ॲडब्लू, याचं थोडक्यात. नायट्रोजन ऑक्साइडं कमी करायला धुरात मारायचं हे द्रव. ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. उणे ११ अंशांना गोठतं, त्यासाठी त्याच्या वेगळ्या टाकीत हीटर असतो, त्यामुळे गोठणं हा फारसा प्रश्न नाही. ऊन हा आहे. सतत ३५ अंशांच्या आसपास राहिलेलं डीईएफ महिन्यांच्या हिशेबात निकामी होत जातं. उन्हात उभी असलेली गाडी आणि वर्षभर न बदललेली टाकी असेल तर पी२०ईई आल्यावर आधी ताजं डीईएफ, मग सेन्सरची शंका. ‘इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ अशी उलटी मोजणी सुरू झाली असेल तर इंजिन कुठे बंद करताय याचा विचार करूनच बंद करा. आणि चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ किंवा पेट्रोल पडलं तर किल्लीला हातच लावायचा नाही. टाकी उपसून घ्यायची.

दोन वॉरंट्या, दोन टेबलं

इंजिनवाला म्हणतो बॉडीवाल्याने वायर ओढली, बॉडीवाला म्हणतो कोड इंजिनाचा आहे. या खेचाखेचीत मालक दमतो. तिसरा पक्ष विकणारा असतो, त्याला पहिल्या तक्रारीपासूनच लेखी कळवत राहा. दोन्ही वॉरंट्या कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या ते कागदावर बघा. त्या सारख्याच असतील असं नाही. सर्व्हिस किलोमीटर किंवा मुदत, यांतलं जे आधी येईल त्यानुसार असते, आणि कॅम्परव्हॅनवाल्यांची चुकते ती मुदत, कारण गाडी धावलेलीच नसते. चॅसी नंबरवरून मूळ गाडीचं रिकॉल किंवा कंप्युटरचं नवं सॉफ्टवेअर निघालंय का तेही विचारा. बॉडीवाल्याला याची खबर असेलच असं नाही.

जॉब कार्डवर ‘पिकअप कमी’ एवढंच लिहू देऊ नका. ‘हीटर रात्रभर चालवल्यावर, टाकी अर्ध्याखाली असताना, सकाळी पहिल्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या अडकतात, कोड पी००८७, फ्रीझ फ्रेम सोबत’ असं लिहून घ्या आणि प्रत ठेवा. प्रत्येक भेटीत काय तपासलं आणि काय बदललं हेही त्यावर असलं पाहिजे. तोच दोष तिसऱ्यांदा आला की पुढच्या दाव्याला हेच कागद लागतात. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवा, स्कॅनर लावून ठेवा आणि दोष येतो तिथे गाडी स्वतः न्या. रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब या दोन रेषा एकमेकींपासून फाटताना त्याने डोळ्यांनी पाहिल्या की सेन्सर बदलायची भाषा थांबते.

गाडी सोडण्याआधी छताची उंची वर्कशॉपच्या दारातून आणि लिफ्टवर बसते का हे फोनवरच विचारा. गॅस बंद करा, फ्रिज रिकामा करा, आणि गाडी जास्त दिवस राहणार असेल तर बाहेरची वीज जोडायला सांगा, नाहीतर घराची बॅटरी तिथेच मरते आणि एक नवीन तक्रार तयार होते.

काम झाल्यावर लगेच सही करू नका. कोड उडवला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे ॲपमध्ये ‘रेडीनेस’ खाली दिसतं. त्या अपूर्ण असताना दिवा विझलेला असण्याला अर्थ नाही. त्यानंतर दोष ज्या परिस्थितीत यायचा तीच मुद्दाम उभी करायची: टाकी खाली, रात्रभर हीटर, थंड सकाळ, भरलेली गाडी, तीच चढण. त्यात रेलचा दाब धरून राहिला तर सही करा.